जुन्या बाहुल्याची परीक्षा : आठ इंची बॅटमॅन

व्यापार म्हटला की धान्य, कापड, चामडे, भंगार, फर्निचर ही नावे आपल्यासमोर येतात. जुनी खेळणी हाही व्यापाराचा माल आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना पटकन खरे वाटणार नाही. अमेरिका व युरोपात मात्र हा धंदा गेली काही दशके रीतसर चालतो. पन्नाशी-साठी गाठलेली माणसे आपल्या लहानपणी बाजारात आलेली खेळणी शोधतात, चांगले पैसे मोजून घेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. त्यांच्यासाठी जुना माल हुडकणारे, दुरुस्त करणारे, पारखणारे आणि विकणारे असे निरनिराळे लोक तयार झाले आहेत.

या मालातला एक नामांकित नग आज आपण परीक्षेला घेऊ. अमेरिकेतील मेगो या कंपनीने १९७२ साली बाजारात आणलेला हा आठ इंची बॅटमॅन. बॅटमॅन हे चित्रकथांतील पात्र असून ते १९३९ साली पहिल्यांदा छापले गेले. ब्रूस वेन नावाचा धनाढ्य माणूस टोपडे आणि झगा चढवून रात्री गुन्हेगारांचा पाठलाग करतो, अशी ती कथा. आपल्याला कथेशी कर्तव्य नाही, मालाशी आहे. हा बाहुला अर्धा साच्यातून निघालेला आणि अर्धा शिलाई मशीनवर तयार झालेला आहे. म्हणून आपल्या कारागीर बंधूंना त्याची पारख करणे मुळीच अवघड नाही. त्याच्या खरेदी-विक्रीत जो प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो, तो तर प्रत्येक व्यापाऱ्याचा प्रश्न आहे : मालात मूळचे काय आणि मागून घातलेले काय, हे गिऱ्हाइकाला सांगायचे की नाही?

नाव बदलले, गिऱ्हाईक मिळाले

अमेरिकेत मॅटेल कंपनीने १९५९ साली बार्बी ही बाहुली आणली. बाहुली एकदा विकायची आणि तिचे कपडे वर्षानुवर्षे विकत राहायचे, हे त्या धंद्याचे गणित होते. हॅसब्रो कंपनीने १९६४ साली तेच गणित मुलांसाठी मांडले आणि सुमारे बारा इंचांचा सैनिक बाजारात आणला. त्याचे नाव जी. आय. जो. पण मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत आणि वडील मुलाला बाहुली घेऊन देणार नाहीत, ही अडचण होती. कंपनीने ‘बाहुली’ हा शब्दच वापरायचा नाही असे ठरवले आणि मालाला ‘अ‍ॅक्शन फिगर’ असे नाव दिले. तेच नाव पुढे साऱ्या धंद्याला लागले. १९६६ साली आयडियल कंपनीने कॅप्टन अ‍ॅक्शन नावाचा बाहुला काढला. त्याला चढवण्यासाठी सुपरमॅन, बॅटमॅन अशा नायकांचे कपडे आणि मुखवटे वेगळे विकत मिळत.

मेगो ही न्यूयॉर्कची कंपनी अब्राम्स कुटुंबाने सुरू केली होती. बाहेरदेशी बनलेली स्वस्त खेळणी आणून विकणे हा तिचा मूळचा धंदा. ८८ सेंटांना मिळणारा माल ही तिची ओळख. १९७१ साली मालकांचे चिरंजीव मार्टिन अब्राम्स यांच्याकडे कारभार आला आणि कंपनीने स्वस्त किरकोळ माल सोडून नावाजलेल्या मालाकडे वळायचे ठरवले. तिने प्रथम अ‍ॅक्शन जॅक्सन नावाचा आठ इंची बाहुला काढला. बारा इंचांऐवजी आठ इंच केल्याने प्लॅस्टिक कमी, कापड कमी, खोका लहान आणि जहाजाच्या एका खेपेत नग जास्त, असा चहूकडून फायदा होता. तो बाहुला फारसा चालला नाही. पण साचा कंपनीच्या हाती राहिला आणि त्याच साच्यावर पुढे तिचे नशीब उघडले.

एक अंग, अनेक अंगरखे

प्लॅस्टिक मोल्डिंगचे काम करणाऱ्या आपल्या बंधूंना हे सांगायला नको की या धंद्यात खरा पैसा साच्यात अडकतो. प्लॅस्टिकचा दाणा स्वस्त असतो. पण पोलादी डाय बनवायला मोठे भांडवल लागते आणि तो खर्च हजारो नगांवर वाटल्याशिवाय निघत नाही. हात, पाय, मांड्या, छाती, पाठ अशा प्रत्येक तुकड्याचा साचा करायचा आणि प्रत्येक पात्रासाठी तो नव्याने करायचा म्हटले, तर लहान कंपनी उभी राहूच शकत नाही.

मेगोने यावर सोपा उपाय केला. अ‍ॅक्शन जॅक्सनचे अंग तसेच ठेवले. त्यावर फक्त डोके नवे बसवले आणि कपडे नवे शिवले. १९७२ साली सुपरमॅन, बॅटमॅन, रॉबिन आणि अ‍ॅक्वामॅन हे चार नायक या रीतीने तयार झाले. ‘वर्ल्ड्स ग्रेटेस्ट सुपरहीरोज’ असे त्या मालिकेचे नाव. पाठोपाठ स्पायडरमॅन आणि कॅप्टन अमेरिका आले. ही पात्रे डीसी आणि मार्व्हल या दोन प्रतिस्पर्धी प्रकाशकांची आहेत. दोघांचेही परवाने मेगोने घेतले. कागदावर एकमेकांचे स्पर्धक असलेले नायक कारखान्यात एकाच साच्यातून बाहेर पडत होते. १९७४ साली ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ आणि ‘स्टार ट्रेक’ यांची पात्रेही याच पद्धतीने आठ इंचांतच निघाली.

म्हणजे बाहुल्याची ओळख ठरवण्याचे निम्मे काम शिलाईने केले. डोके आणि कपडे बदलले की माणूस बदलला. साच्याचा खर्च एकदाच आणि नवा नग दरवेळी. ज्यांच्याकडे भांडवल थोडे आणि हातात कसब आहे, त्यांनी या हिशेबाकडे नीट पाहावे.

नखशिखांत पाहणी

आता प्रत्यक्ष माल हाती घेऊ आणि वरून खाली येऊ.

डोके व टोपडे : डोके मऊ व्हिनाइलचे आहे. सुरुवातीच्या मालात बॅटमॅनचे निळे टोपडे वेगळे होते आणि ते काढता येई. आत ब्रूस वेनचा साधा माणसाचा चेहरा. टोपडे काढले की शेठ, घातले की वीर. मुलांना याची मोठी गंमत वाटे. दोष एवढाच की निघणारी वस्तू हरवते. पुढे कंपनीने डोके आणि टोपडे एकसंध ओतून चेहऱ्याचा उघडा भाग रंगवायला सुरुवात केली. माल टिकाऊ झाला, हरवण्याची कटकट गेली, पण मूळची गंमतही गेली.

अंगरखा : गळ्यापासून पायापर्यंत एकच करडा, ताणला जाणारा पोशाख, त्यावर निळी चड्डी आणि मागे निळा झगा. पोशाख पाठीमागे टिचबटणाने बंद होतो. दर्जी बंधूंनी इथे थोडे थांबावे. माणसाच्या सदऱ्यात शिवणीची घडी कोणाच्या लक्षातही येत नाही. तीच घडी बोटाएवढ्या हातावर आली की दोरखंडासारखी दिसते, कारण माप लहान झाले तरी दोरा आणि कापडाची जाडी लहान होत नाही. म्हणून पातळ आणि ताणले जाणारे कापड निवडणे हा निर्णय योग्य होता. अंगावर ते घट्ट बसते आणि झोळ कमी दिसतो. दोष असा की या कापडाचा एक धागा कुठे अडकला तर पूर्ण लांबीची रेघ उठते आणि ती जात नाही. गुडघ्यापाशी कापड कालांतराने सैल पडते. छातीवरचे वटवाघळाचे पिवळे चिन्ह चिकटवलेले आहे, भरतकामाचे नाही. गोंद वाळला की त्याच्या कडा उचलल्या जातात.

हातमोजे : हे निळे मोजे हातावर चढवायचे, बोटांचे वेगवेगळे भाग नाहीत. भट्टीतून गरम भांडे काढताना घालतात तसे ते दिसतात आणि संग्राहकही थट्टेने त्यांना तेच नाव देतात. दिसायला बेंगरूळ, घालायला सोपे आणि हरवायला त्याहून सोपे.

पट्टा व बूट : पट्टा पिवळ्या प्लॅस्टिकचा, बूट निळे. नव्या मालात दोन्ही ठीक बसतात. वय झाले की पातळ प्लॅस्टिक कडक होते आणि जोर लावला तर तडकते. जुन्या बाहुल्याचे कपडे काढून पाहताना घाई करू नये, ते याच कारणासाठी.

अंग : मान, खांदे, कोपर, मनगट, कंबर, मांड्या, गुडघे आणि घोटे हे सर्व हलतात. सुरुवातीच्या अंगात कोपर-गुडघ्याला धातूचे रिव्हेट दिसतात. पुढे ही घडण बदलून अधिक मजबूत केली गेली. आत सारे अवयव इलॅस्टिकने ओढून धरलेले आहेत. इलॅस्टिकचे आयुष्य किती असते, हे पायजमा शिवणाऱ्याला ठाऊक आहे. पन्नास वर्षांत ते मरते, मग हातपाय लोंबू लागतात आणि बाहुला उभा राहत नाही. नवे इलॅस्टिक घातले की तो पुन्हा उभा राहतो. जुन्या खेळण्यांच्या बाजारात हे दुरुस्तीचे नित्याचे काम आहे.

एकंदर निकाल असा : घडण साधी, चेहरा सामान्य, पण कल्पना आणि कपडे उत्तम. या मेगोच्या पाठीवर ‘हाँगकाँग’ असे कोरलेले असते. आज त्याच हाँगकाँगमधील हॉट टॉईज कंपनी बारा इंचांचे असे बाहुले बनवते की चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा जिवंत वाटावी. ते मोठ्यांनी कपाटात ठेवण्यासाठी आहेत. मेगोचा बॅटमॅन लहान मुलांनी आपटण्यासाठी होता. खेळणे म्हणून तो आपल्या कामाला पुरेपूर उतरला आणि त्यामुळेच धड अवस्थेत उरलेले नग थोडे आहेत.

खोक्याची गोष्ट

माल आणि आवरण यांचे नाते पाहायचे असेल तर याच बाहुल्याचे खोके पाहावेत. पहिला खोका चहूबाजूंनी बंद पुठ्ठ्याचा, वर रंगीत चित्र. दुकानात येणारे गिऱ्हाईक आत काय आहे हे पाहायला खोका उघडत असे आणि झाकण फाटत असे. फाटलेला खोका कोण घेणार? मग कंपनीने खोक्याला पारदर्शक खिडकी केली. क्रेस्गी या मोठ्या दुकान-साखळीसाठी तर माल खुंटीला टांगता यावा म्हणून पुठ्ठ्याच्या कार्डावर, पारदर्शक प्लॅस्टिकच्या फुगवट्यात बसवून दिला. हीच साखळी पुढे केमार्ट म्हणून ओळखली गेली. आज संग्राहक त्या कार्डांना ‘क्रेस्गी कार्ड’ म्हणूनच ओळखतात.

दुकानदाराची गरज ओळखून आवरण बदलणारा कारखानदार टिकतो, हा त्यातला धडा. दुसरी बाब म्हणजे त्या वेळी कचऱ्यात गेलेला रिकामा खोका आज स्वतंत्रपणे विकला जातो.

किंमत कशाला आहे?

जुन्या मालाची किंमत चार गोष्टींवर ठरते : दुर्मिळता, पूर्णता, अवस्था आणि अस्सलपणा.

दुर्मिळतेचे उदाहरण पाहा. १९७४ साली माँटगोमरी वॉर्ड या कंपनीच्या कॅटलॉगमधून मेगोचे चार खास बाहुले विकले गेले : ब्रूस वेन, क्लार्क केंट, डिक ग्रेसन आणि पीटर पार्कर. म्हणजे बॅटमॅन, सुपरमॅन, रॉबिन आणि स्पायडरमॅन हेच, पण साध्या माणसांच्या कपड्यांत. वीराऐवजी साधा माणूस कोणत्या मुलाला हवा होता? विक्रीची जागाही एकच होती. आज तेच चार बाहुले या साऱ्या मालिकेत अत्यंत दुर्मिळ समजले जातात.

पूर्णतेचे उदाहरण म्हणजे आपल्या बॅटमॅनचे टोपडे. काढता येणाऱ्या टोपड्याचा नग नंतरच्या एकसंध डोक्याच्या नगापेक्षा महाग आहे. पण टोपडेच नसेल तर? मोजे, पट्टा, झगा, बूट हे एकेक कमी झाले की किंमत एकेक पायरी उतरते. मोठे अंग कोणाकडेही सापडते. किंमत अडते ती बोटाएवढ्या वस्तूंपाशी.

अवस्थेसाठी संग्राहक दहापैकी अंक देतात. पारख करून नग बंद पेटीत सील करणाऱ्या आणि त्यावर गुण लिहून देणाऱ्या संस्थाही अमेरिकेत आहेत.

अस्सलपणाबद्दल एक सूचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाठीवर किंवा मानेमागे कोरलेले साल हे हक्काच्या नोंदीचे असते, तो नग बनल्याचे नसते. एकच साचा अनेक वर्षे चालतो. केवळ कोरलेले साल दाखवून कोणी ‘हा पहिल्या वर्षाचा माल’ म्हणत असेल, तर घाईने पैसे काढू नयेत.

मूळचे, बदललेले आणि नवे

इथे आपण मुख्य प्रश्नाशी येतो. हरवलेल्या टोपड्या-मोज्यांना मागणी आहे म्हटल्यावर ते नव्याने बनवणारे लोक पुढे आले. झगे शिवले जातात, पट्टे ओतले जातात, चिन्हे छापली जातात, खोकेसुद्धा छापले जातात. त्यात काही कामे इतकी सफाईदार असतात की शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही.

या कारागिरीत वावगे काही नाही. ज्याच्याकडे टोपडे नाही, त्याला थोड्या पैशांत टोपडे मिळते आणि त्याचा बाहुला पुन्हा पूर्ण दिसतो. वावगे तेव्हा होते, जेव्हा नवे टोपडे जुन्या डोक्यावर चढवून सगळा नग १९७२ चा म्हणून विकला जातो. घेणारा पूर्ण नगाचे पैसे देतो आणि अर्धा नग घरी नेतो. इलॅस्टिक बदलले असेल तर तेही सांगायला हवे. शिवण उसवून पुन्हा घातली असेल, रंगाचा हात फिरवला असेल, तर तेही.

या बाजारातले जाणकार विक्रेते यासाठी सरळ पद्धत पाळतात. मालाच्या वर्णनातच लिहितात : अंग मूळचे, टोपडे नवे, पट्टा मूळचा, इलॅस्टिक बदललेले. असे लिहिल्याने किंमत कमी येते, हे खरे. पण गिऱ्हाईक परत येते, कारण त्याने घेतलेली वस्तू उद्या दुसऱ्या पारख्याने पाहिली तरी तीच निघते. मालातला ऐब सांगून विकण्याची रीत आपल्या व्यापारी बंधूंना नवी नाही. सेकंडहँड मशीन, जुनी मोटार, दुरुस्त केलेले घड्याळ, पॉलिश केलेले जुने फर्निचर विकणाऱ्याला हा प्रश्न रोज पडतो. जिथे मालाची खरी किंमत फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असते, तिथे त्याचा शब्द हेच त्याचे भांडवल असते.

नवा माल नवा म्हणून विकण्याचे मोठे उदाहरणही आहे. २०१० साली मॅटेलने जुन्या मेगोच्या धर्तीवर कापडी पोशाखाचे आठ इंची बाहुले काढले. २०१८ साली तर खुद्द मार्टिन अब्राम्स यांनी मेगो हे नाव पुन्हा बाजारात आणले आणि टार्गेट या दुकान-साखळीतून आठ इंची व चौदा इंची बाहुले विकले. प्रत्येक नगाची संख्या दहा हजारांवर मर्यादित ठेवून त्यांवर क्रमांक घातले. जुन्याची आठवण विकली, पण जुना माल म्हणून विकला नाही.

कंपनी का बुडाली?

१९७६ साली ‘स्टार वॉर्स’ नावाच्या एका येऊ घातलेल्या चित्रपटाच्या खेळण्यांचा परवाना मेगोला देऊ केला गेला होता. कंपनीने तो घेतला नाही. केनर कंपनीने घेतला. १९७७ साली चित्रपट तुफान चालला आणि १९७८ साली केनरचे पावणेचार इंची बाहुले दुकानांत आले. त्यांचे कपडे अंगासोबतच साच्यात ओतलेले होते. झगे वगळता शिलाईचे काम जवळजवळ उरले नाही. नग लहान, म्हणून त्याला शोभेल असे विमान आणि वाहनही विकता येऊ लागले. मुलांची आवड त्या मापाकडे वळली. मेगोने इतर परवाने घेऊन पाहिले, पण आठ इंची कापडी बाहुल्याचे दिवस सरले होते. १९८२ साली कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढच्या वर्षी काम थांबले.

ज्या हिशेबाने कंपनी वाढली, तोच हिशेब बाजार बदलल्यावर अपुरा पडला. एका यशस्वी मापावर कायमचे विसंबून राहू नये, हे कापडाच्या व्यापाऱ्याला सांगायची गरज नसावी.

आपल्याकडे हात घालायचा असेल तर

कोणा बंधूला असा माल बाहेरून आणायचा किंवा इथे बनवायचा असेल, तर नियम आधी पाहावेत. भारत सरकारने खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना मात्र त्यातून सूट देण्यात आली. ज्यांनी ही नोंदणी केलेली नाही, त्यांनी ती करून घेण्यात हयगय करू नये. आयात करण्यापूर्वी चालू दर कस्टम एजंटकडून लेखी घ्यावा. आणि नायकाचे नाव व चिन्ह ही परवान्याची मालमत्ता आहे, हेही विसरू नये. परवान्याशिवाय वटवाघळाचे चिन्ह छापून माल विकणे म्हणजे दुसऱ्याच्या दुकानातून माल उचलण्यासारखेच आहे.

मेगोच्या खोक्यावर पात्राचे नाव आहे, कंपनीचे नाव आहे. तो अंगरखा शिवणाऱ्या कारागिराचे नाव कुठेही नाही. तरीही पन्नास वर्षांनंतर पारखी तो नग उलटा करतात आणि प्रथम पाठीची शिवण व टिचबटण तपासतात. आपण जे शिवतो, ओततो, जोडतो ते उद्या कोणीतरी असेच उलटे करून पाहणार आहे. तेव्हा आतली बाजूही बाहेरच्या बाजूइतकीच स्वच्छ ठेवावी, आणि जे बदलले असेल ते बिलावर लिहून द्यावे.